जुन्या फायबर बोटीचं कुजलेलं फ्लोअर वरूनच झाकून घेतलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची वीस वर्षं जुनी, २६ फुटी फायबरची बोट आहे, बर्फाच्या खणापुढे पाय टाकला की फ्लोअर दबतं आणि फायबरवाला म्हणतो, 'वरून नवी प्लाय ठोकून मॅट (काचतंतूंचं कापड) मारून देतो, दोन दिवसांचं काम.' करून घ्यावं का?

नका करून घेऊ. आम्ही नेमकं हेच केलं होतं. हर्णैला आमची साधारण तेवढीच बोट आहे. पहिलं वर्ष फ्लोअर खणखणीत. दुसऱ्या वर्षी बोट जड चालायला लागली, डिझेल जास्त खायला लागली आणि आम्ही महिनाभर इंजिनालाच शिव्या घालत बसलो. तिसऱ्या मे महिन्यात वरचा थर उचकटला, तर खालची जुनी प्लाय चहात पडलेल्या खारीसारखी ओंजळीत आली. आणि कूज नव्या प्लायलाही खालून लागली होती. बोट तरंगती राहावी म्हणून त्याखाली भरलेल्या थर्माकोलनेही पाणी धरलेलं. बोटीचं जडपण तिथे होतं.

आता मुद्द्याचं. फ्लोअर समुद्राच्या पाण्याने कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजतं. लाकूड कुजवणारी बुरशी खारवलेल्या लाकडात सहसा जोर धरत नाही. आमचे आजोबा लाकडी होडी समुद्राच्याच पाण्याने धुवायचे, विहिरीचं पाणी होडीला लागू द्यायचे नाहीत. तेव्हा आम्हाला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा. तुमचं फ्लोअर बरोब्बर बर्फाच्या खणापुढेच दबतंय ना? वितळलेला बर्फ म्हणजे गोडं पाणी. त्यात १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली की आपण बोट वर ओढून ताडपत्रीने गच्च शाकारतो. पाऊस कुठून तरी आत शिरतोच आणि वारा मात्र शिरत नाही. कूज या दोन महिन्यांत जोरात वाढते.

त्यामुळे आधी कुजकं किती ते शोधा. हातोडीच्या दांड्याने फ्लोअर ठोकत जा. चांगल्या जागी टणटण वाजतं, कुजक्या जागी भदभद. मग बारीक ड्रिलने भोक पाडून भुसा बघा. कोरडा, फिका आला तर ठीक. काळा, ओला आला तर तिथून आणखी वीतभर पुढे कापायचं. खालचे आडवे लाकडी पट्टे फायबरमध्ये गुंडाळलेले असतात, त्यांनाही असंच भोक पाडून बघा. वरून धडधाकट दिसतात, आत नुसता चिखल असतो.

एक चूक मात्र करू नका. सगळं फ्लोअर एकदम कापून काढू नका. बोटीच्या दोन्ही बाजूंना फ्लोअरनेच धरून ठेवलेलं असतं. वाळूच्या गोणी लावून बोट खालून नीट सारख्या आधारावर बसवा, पातळी बघा आणि अर्धं-अर्धं काम करा. नाहीतर बोट पसरते आणि त्याच पसरलेल्या आकारात नवीन फ्लोअर पक्कं होतं.

प्लाय घेताना आयएस ७१० शिक्क्याची मरीनच घ्या, १२ एमएम पुरते, पण खालचे आडवे पट्टे फूट-सव्वा फुटावर हवेत. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा. तुकडे कापून, पुठ्ठ्याच्या साच्याने बसवून बघितले की काढून दोन्ही बाजूंना आणि कडांना रेझिन (फायबरकामातलं, वाळून कडक होणारं चिकट द्रव) पाजा. कडा दोन-तीनदा, कारण प्लाय पाणी पिते ती कडेने. प्लाय बाजूच्या भिंतीला टेकवू नका, अगदी थोडी फट ठेवून ती रेझिन आणि पावडरच्या लुकणाने गोल भरून घ्या, मॅट काटकोनात बसत नाही. भिंतीवरचा रंग ग्राइंडरने उडवून मॅट निदान चार बोटं वर चढवायची, चौरस मीटरला ४५० ग्रॅमवाल्या मॅटचे दोन थर. ग्राइंडिंगला तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. मी बनियनवर केलं होतं, आठवडाभर रात्री खाजवत होतो.

रेझिनचं काम मेमध्येच उरका, पाऊस सुरू झाल्यावर दमट प्लायला ते धरत नाही. उन्हात मात्र डबा भराभर घट्ट होतो, म्हणून थोडं-थोडं कालवा. रेझिन घट्ट करायला त्यात कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन रसायनं घालतात, ती एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट मिसळायचं, मग हार्डनर. आणि थर्माकोल परत भरणार असाल तर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. आमचा एक आख्खा ठोकळा असा गेला आणि त्या जागी नुसता चिकट खड्डा उरला.

नंतर जे काही स्क्रूने बसवाल, त्या प्रत्येक भोकाला आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यात बारीक भोक. ह्याचा कंटाळा सगळे करतात, फायबरवालासुद्धा. शेजारी उभे राहा.

पण सगळ्यात महत्त्वाचं, आडव्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी जायची भोकं. आमच्या बोटीत जुन्या कारागिराने ती ठेवलीच नव्हती, प्रत्येक खणात वेगळं डबकं. आम्ही अर्ध्या पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवून ती केली आणि फ्लोअरमध्ये दोन झाकणं उघडता येतील अशी ठेवली. आता बंदीत ताडपत्रीखाली बांबू घालून दोन्ही टोकं उघडी ठेवतो, झाकणं काढून.

बोट पाण्यात उतरवण्याआधी पुढच्या खणात बादलीभर पाणी ओता आणि मागे पाणी उपसायच्या पंपाशी ते किती वेळात येतं बघा. आमच्या बोटीत आधी ते यायचंच नाही.