‘पात्र’ टाळू नका

प्रश्न असा: दोन लघुकथांची तुलना लिहिताना ‘पात्र’ म्हणावे की ‘व्यक्तिरेखा’? ‘पात्र’ म्हणजे भांडे, शिवाय तो नाटकातला शब्द, म्हणून कथेबद्दल लिहिताना तो नको, असे प्रश्नकर्तीला कुणीतरी बजावले आहे.

हा सल्ला सरळ चुकीचा आहे. त्याच्यामुळेच ‘नायकाची व्यक्तिरेखा आजारी पडते’, ‘शेवटी आईची व्यक्तिरेखा घर सोडते’ असली वाक्ये वाचावी लागतात. आजारी पडतो तो नायक, घर सोडते ती आई. व्यक्तिरेखा ठसठशीत होते, फिकी राहते किंवा फसते.

आणि भांडे आहे म्हणून टाळायचे? अहो, तीच तर या शब्दाची श्रीमंती! ‘पा’ म्हणजे पिणे आणि ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. ‘नी’पासून नेत्र, ‘शस्’ म्हणजे कापणे, त्यापासून शस्त्र, तसे पिण्याचे साधन ते पात्र. लॅटिनमध्ये पेल्याला ‘पोकुलम’ म्हणतात, तो याच धातूचा आणि याच घडणीचा सख्खा भाऊ. पुढे पाणी धरते ते नदीचे पात्र झाले, दान ज्याच्या हाती ठरते तो दानास पात्र झाला, भूमिका अंगावर घेतो ते नाटकातले पात्र झाले. ‘मालविकाग्निमित्रा’त नृत्यगुरू गणदास मालविकेविषयी काय म्हणतो पाहा: उत्तम पात्रात ठेवलेली गुरूची कला आणखी खुलते, जसे ढगाचे पाणी समुद्रातल्या शिंपल्यात पडून मोती होते. शिष्या, नर्तकी आणि ओतलेले जपणारे भांडे, तिन्ही कालिदासाने एका शब्दात बसवली!

‘पतनापासून तारते ते पात्र’ ही फोड अजूनही मोठ्या अधिकाराने सांगितली जाते. ती दान कुणाला द्यावे हे पटवण्यासाठी रचलेली आहे. तिला व्युत्पत्ती म्हणणाऱ्यांनी त्याच रीतीने ‘नेत्र’ सोडवून दाखवावा.

‘रेखा’ची गंमत वेगळी. तिचा धातू ‘रिख्’, म्हणजे ‘लिख्’च, ओरखडणे. इंग्रजी ‘कॅरेक्टर’ ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थही कोरलेली खूण, ठसा. म्हणून माझे मत असे की पात्र ही कथेतली जागा आणि व्यक्तिरेखा म्हणजे लेखकाने तिथे ओढलेला ओरखडा. नदी आटली तरी पात्र उरते, तसे स्वभाव न रंगवताही पात्र कथेत उभे राहते.

समजा, एक निरोप्या पत्र देऊन निघून गेला. तो पात्र. पण पत्र देण्याआधी त्याने ओला हात दोनदा सदऱ्याला पुसला आणि दार लागल्यावरही तो पायरीवर उभाच राहिला, की तिथून व्यक्तिरेखा सुरू झाली.

तेव्हा तुलनेत दोन्ही शब्द हवेत. कथानकात कोण काय करतो हे सांगताना ‘पात्र’. ते माणूस म्हणून कसे उमटले हे सांगताना ‘व्यक्तिरेखा’. आणि ‘व्यक्तीरेखा’ लिहू नका. एकटी असताना ‘व्यक्ती’ दीर्घ, समासात शिरली की ‘ति’ ऱ्हस्व.