पहिल्या दोनशेच्या आधी

प्रिय मित्रा,

पुणे–पाचगणी–पुणे या दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव दिलंस, बरं केलंस. पाय तयार आहेत का, हे तू दोनदा विचारलंस. एका दमात शंभर-सव्वाशे किलोमीटर होत असतील आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत नसेल, तर पायांची काळजी सोड. नवखे अडकतात ते घड्याळात.

दोनशेला साडेतेरा तास मिळतात. पहाटे ५:३० ला निघालास की संध्याकाळी ७ पर्यंत परत यायचं. सरासरी ताशी वीसने चालवलीस तर सीटवर दहा तास, म्हणजे साडेतीन तास हातात. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण वाटेतले कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या चौक्या, ताशी पंधराच्या हिशेबाने बंद होतात. पाचगणीचा कंट्रोल शंभराव्या किलोमीटरला असेल तर तो ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे १२:१० ला बंद. आणि मोठे चढ सगळे त्याच्या आधी: कात्रज, खंबाटकी, पसरणी. पुणे ५६० मीटरवर, पाचगणी तेराशेच्या जवळ. परतीला जवळपास सात तास मिळतात, त्यातही उतार जास्त. म्हणून हिशेब मागून मांड. वाई ते पाचगणी बाराएक किलोमीटर, ताशी आठ-नऊने दीड तास. थोडी सवड धरून वाईतून १०:१५ ला निघायलाच हवं. तोवर अठ्ठ्याऐंशीएक किलोमीटर झालेले असले पाहिजेत, म्हणजे थांबे धरून ताशी साडेअठरा.

ही सरासरी जाते ती थांब्यांत. चहाला पाच मिनिटं म्हणून बसलेली टोळी वीस मिनिटांनी उठते. खेड शिवापूरला थांबू नकोस, शिरवळला पाणी भर आणि उभ्यानेच खा, वाईत नीट बस. ज्याला फोटो काढायचे आहेत त्याला काढू दे.

पसरणी अंगावर येणारा घाट नाही. चढ सरासरी साडेचार-पाच टक्के, पण तो संपत नाही. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ ची असेल तर पेडलचे मिनिटाला ७० फेरे मारून ताशी नऊ-साडेनऊ मिळतात. मागे सगळ्यात मोठी चकती २५ चीच असेल तर त्याच वेगाला जेमतेम ५४ फेरे पडतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलायची तर आत्ताच बदल, आणि तुझा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का ते दुकानात आधी विचार. बदलल्यावर सगळ्यात हलका गिअर स्टँडवर दहा वेळा टाकून पाहा. डिरेलरला हद्दीत ठेवणारा लिमिट स्क्रू सैल राहिला की चेन चकतीवरून उडून स्पोकमध्ये घुसते, आणि ते नेमकं चढावर, जोर लावताना होतं.

आता पंक्चर. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात, त्यातली केसाएवढी बारीक पोलादी तार आपल्या टायरमध्ये शिरते. ती बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलून निघतोस आणि दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, कारण तार आतच असते. म्हणून टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसव. ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की टायरवर व्हॉल्व्हपासून त्याच अंतरावर शोधायचं. आतून बोटाने हळू चाचप, किंवा कापसाचा बोळा फिरव. जिथे अडकेल तिथे तार. काढायला लहान चिमटा ठेव, नखाने ती निघत नाही. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तार शोधत बसू नकोस, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी आतली पट्टी) सरकली आहे. सत्तर किलोचा माणूस आणि २८ मिलिमीटर रुंद टायर असेल तर ७० ते ८० पीएसआय हवा पुरे. शंभर भरलेस तर वेग वाढत नाही, हात मात्र बधिर होतात. सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चेन जोडायची क्विक लिंक आणि मल्टीटूल. त्या पंपाने घरी एकदा पूर्ण चाक भरून पाहा.

खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचं. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. एक केळं आणि दोन-तीन खजूर म्हणजे एका तासाचं भागलं. पहिला घास पाऊण तासाच्या आत, भूक नसली तरी. भूक लागेपर्यंत थांबलास तर उशीर झालेला असतो, आणि मग वाईत मिसळ दिसते. ती परतीलाही नको. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाल. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की पोटात डचमळतं. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसणंही वाईट, घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ व्हायला हवा, सुरुवातीला एवढं माप पुरे. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते पाहा. तू पुढे घसरतोस आणि भार हातांवर येतो. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नाही. हे सांगायला लाजतात, आणि मग दीडशेव्या किलोमीटरला शिवणीने सोललेलं असतं.

पसरणी उतरताना ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नाही. सतत दाबून ठेवला की रिम तापते. दाब, सोड, पुन्हा दाब. रस्त्यात माकडं असतात, आणि वर येणारी एसटी वळणावर तुझ्या बाजूला येते असं गृहीत धर. खंबाटकीच्या बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढ, मागचा दिवा लावलेला असू दे.

हिवाळ्यात साडेपाचला मिट्ट काळोख असतो आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पुन्हा होतो. म्हणजे दोन-अडीच तास दिव्याचे. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि दिवे यांना नियमात सूट नाही. घरच्यांना सांग, मागे गाडी आणायची नाही. मदत फक्त कंट्रोलवर चालते, एरवी बाद करतात.

ब्रेव्हे कार्ड, म्हणजे शिक्के घ्यायचं कार्ड, झिपच्या पिशवीत ठेव, घामाने शाई पसरते. प्रत्येक कंट्रोलवर शिक्का आणि वेळ पडली का ते तिथेच वाच. शेवटी त्यावर तुझी सही लागते, आणि तोवर बोटं इतकी आखडलेली असतात की पेन धरवत नाही. किती वाजता पोचलास ते कळव.