ड्रेंच : भिजवायचं की पाजायचं?

प्रश्न : काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. डिंक्या रोगासाठी झाडाच्या आळ्यात औषधाचं पाणी ओततो, त्याला सगळे ‘ड्रेंचिंग’ म्हणतात. गाईच्या जंताच्या औषधावरही ‘ड्रेंच’ लिहिलंय, पण ते पाजायचं म्हणे. मुलाच्या इंग्रजीच्या पुस्तकात मात्र ‘ड्रेंच्ड’ म्हणजे चिंब भिजलेला. खरं कोणतं?

उत्तर : गाईचं आधी निकालात काढू. ते पाजायचंच, पाठीवर ओतू नका. मूळ अर्थाला तिन्हींत सगळ्यात जास्त धरून तुमची ती बाटलीच आहे.

‘ड्रिंक’ म्हणजे पिणं आणि ‘ड्रेंच’ म्हणजे पाजणं. आपल्याकडे पडणे-पाडणे, पिणे-पाजणे चालतं, तशी सोय जुन्या इंग्रजीतही होती. सिट-सेट, फॉल-फेल या तिच्याच उरलेल्या जोड्या. (हा ‘फेल’ झाड पाडण्याचा, दहावीतला वेगळा.) ‘क’चा ‘च’ कुठून आला म्हणाल, तर स्पीक-स्पीच म्हणून पाहा. जर्मनमध्ये आजही ‘ट्रिंकन’ म्हणजे पिणं आणि ‘ट्रेंकन’ म्हणजे गुरांना पाणी पाजणं, शिवाय भिजवणंही.

भिजण्याचा अर्थ जरा वळसा घेऊन आला. पाजणं हाताबाहेर गेलं की बुडवणं होतं. 14व्या शतकात इंग्रज कवी चॉसर हा शब्द बुडण्यासाठी वापरतो. पुढे जीव घेण्याचं गेलं, पाणी तेवढं राहिलं. आपण तरी वेगळं काय करतो? काठीला तेल पाजतो म्हणजे तेलात मुरवतो. काठी काही पीत नाही! तुमच्या आळ्यातलं ड्रेंचिंगही मुळांना पाजणंच. त्याला ‘आळवणी’ हा चांगला मराठी शब्द आहे, पण बागेत तो मला फार ऐकू येत नाही.

इंग्रजीत ‘ड्रेंच’ नामही आहे, जनावराला पाजायच्या औषधाचं. ते वाचलं की मला आमचा ढवळ्या आठवतो. पोट फुगलं म्हणून बाबा त्याला बांबूच्या नळकांड्यातून गोडंतेल पाजत होते. नळकांड्याचं तोंड तिरपं कापलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी दहा वर्षांचा. मदत म्हणून त्याची जीभ बाहेर ओढून धरली. बैलाला असा ठसका लागला की तेल बाबांच्या सदऱ्यावर. “काय करून राहिला बे! जीभ सोड, मान खाली घे!” जीभ धरली, मान फार उंच केली की गिळता येत नाही आणि औषध श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो, हे नंतर कळलं. तुम्हीही गाईला पाजताना थोडं थोडं पाजा, ती खोकली की थांबा.

ढवळ्या वाचला. त्या वर्षी पोळ्याला त्याची शिंगं मीच रंगवली. बाबांचा सदरा मात्र सोमवारपर्यंत तेलकट होता. चांगलाच ड्रेंच झाला होता.