बायबल बदललं गेलंय, देव तीन आहेत, अशा आक्षेपांना ख्रिस्ती माणसाने काय उत्तर द्यावं?

तुमच्या प्रश्नातून मी तीन वाक्यं वेगळी काढली. ‘बायबल वेळोवेळी बदललं गेलं’, ‘निकियाच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव केलं’ आणि ‘तुमचे देव तीन’. मित्र हे बोलतात, तुम्हाला उत्तर सुचत नाही, आणि मग एकटं असताना आपण मानतो ते खरं आहे का हाच प्रश्न छळतो, असं तुम्ही लिहिलं आहे. मी या सगळ्यातून गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विशीत असताना मी एका मित्राला ठणकावून सांगितलं होतं की बायबलमधलं एक अक्षरही आजवर बदललेलं नाही. त्याने वाद घातला नाही. माझंच बायबल उघडून मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतल्या एकाचा, १६वा अध्याय काढला आणि ९ ते २० या वचनांभोवतीचा कंस दाखवला. खाली बारीक अक्षरात टीप होती, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही वचनं आढळत नाहीत. ते बायबल मी कित्येक वर्षं वाचत होतो आणि तो कंस माझ्या नजरेत कधी आला नव्हता. पुढचे काही महिने फार वाईट गेले. खोटं ठरलं होतं ते माझं वाक्य, पण मला वाटत राहिलं की विश्वासच खोटा ठरला. पवित्र शास्त्राने जो दावा केलेला नाही तो मी त्याच्या नावावर केला होता आणि तो पडल्यावर शास्त्राला दोष देत होतो. त्यामुळे आक्षेप आला की पहिल्यांदा हे बघा, की समोरचा ज्यावर बोट ठेवतोय ते आपण खरोखर मानतो का.

आता हस्तलिखितं. बायबलमधल्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत त्या हाताने उतरवलेल्या प्रती. नव्या कराराची, म्हणजे बायबलमधल्या येशूनंतर लिहिलेल्या भागाची, एकट्या ग्रीक भाषेतली ५,००० हून जास्त हस्तलिखितं आहेत. काही संपूर्ण, काही नुसते तुकडे. त्यांच्यात फरक आहेत आणि ते मोजायला गेलं तर पुष्कळ आहेत. बहुतेक फरक स्पेलिंगचे, शब्दांच्या क्रमाचे किंवा नजर चुकून ओळ गळल्याचे. मित्राला हे मोकळेपणाने सांगा, लपवू नका. कारण पुढचा मुद्दा याच्यावरच उभा आहे. प्रती वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या हातांनी होत होत्या. सगळ्या गोळा करून त्यांत एकसारखा बदल करील असं केंद्र सुरुवातीच्या शतकांत नव्हतंच. म्हणून एका ठिकाणी कोणी काही घातलं की दुसरीकडच्या प्रती ते उघडं पाडतात. तो कंस माझ्या बायबलमध्ये आला तो असाच. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनापाशी संपतं. योहानात ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, हा याच जातीचा दुसरा मोठा भाग. एवढे मोठे भाग हे दोनच.

योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७ मला सर्वांत बोलकं वाटतं. स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत, असं वाक्य तिथे जुन्या छापील आवृत्त्यांत असे. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ च्या आवृत्तीत घेतलं, आणि मग ते पुढे शतकानुशतकं छापलं गेलं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही हे दिसल्यावर ख्रिस्ती अभ्यासकांनीच ते बाहेर काढलं. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, इतका उघड आधार दुसरा नव्हता, तरी काढलं. सोयीसाठी ग्रंथ बदलणारी माणसं असं करतील का, हे मित्रालाच विचारा.

जुन्या कराराबाबत, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू भागाबाबत, १९४७ साली मोठी गोष्ट घडली. मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहांत हिब्रू गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्याआधी हातात असलेली जुनी हिब्रू हस्तलिखितं इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासची होती. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी त्यांच्याहून सुमारे हजार वर्षं जुनी निघाली. ७ मीटरहून लांब, ५४ रकाने, यशयाचं सगळं पुस्तक त्यात आहे. तिथेही शब्दांचे फरक आहेत. ५३:११ मध्ये ‘प्रकाश’ हा शब्द गुंडाळीत आहे आणि नंतरच्या हिब्रू पाठात नाही. पण ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक, त्याला झालेल्या जखमा, त्याने वाहिलेली इतरांची पापं, हे सगळं जसंच्या तसं आहे. आणि ही गुंडाळी येशूच्या जन्माच्या आधीची आहे, त्यामुळे तो अध्याय ख्रिस्ती लोकांनी मागाहून रचला असंही म्हणता येत नाही.

‘देवाचं वचन’ म्हणजे वरून सांगितलेलं आणि माणसाने नुसतं टिपून घेतलेलं, असा समज आपल्या लोकांतही आहे. शास्त्र वाचलं तर तसं दिसत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक पहिल्याच चार वचनांत सांगतो की त्याने सगळ्याचा मुळापासून बारकाईने शोध घेऊन मग लिहिलं. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्रात म्हणतो, मी क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यातल्या कोणाचा बाप्तिस्मा केला नाही; मग त्याला स्तेफनाच्या घरचे आठवतात; मग तो म्हणतो, आणखी कोणाचा केला असला तर आठवत नाही. हे १:१४-१६ मध्ये आहे आणि मला फार प्रिय आहे. देवाने त्या माणसाचं विसरणं पुसून टाकलं नाही. आपण मानतो ते हे, की देव या माणसांच्या मागे होता आणि त्यांच्या स्मरणातून, शोधातून, रागातून, गाण्यांतून त्याला जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं. हे एकदा लक्षात आलं की चार शुभवर्तमानांतल्या लहानसहान फरकांनी दचकायला होत नाही. कबरेपाशी कोण कोण गेलं याची नावं चौघे थोडी वेगळी देतात. चार साक्षीदार अक्षरन् अक्षर सारखं बोलले असते तर मला जास्त संशय आला असता.

निकियाबद्दल. ३२५ साली रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची ती परिषद बोलावली हे खरं. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत हा विषय तिथे नव्हता. नव्या कराराच्या नेमक्या आजच्या २७ पुस्तकांची यादी आपल्याला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते, आणि तोवर चार शुभवर्तमानं व पौलाची पत्रं मंडळ्यांत कित्येक पिढ्या वाचली जात होती. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं पत्र अशा काही पुस्तकांबद्दल बराच काळ शंका होत्या, हेही मान्य करा. परिषदेतला वाद वेगळाच होता. एरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणत होता की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा आणि थोर आहे, पण निर्माण केलेला आहे. बाकीचे म्हणाले, निर्माण केलेला नव्हे, पित्याच्याच तत्त्वाचा. म्हणजे येशू नुसता चांगला माणूस होता असं तिथे कोणाचंच म्हणणं नव्हतं. आणि त्याच्या दोनशे वर्षं आधी, सुमारे ११२ साली, बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता. तो त्यांना शिक्षा करत होता.

आता ‘तीन देव’. इथे मला जास्त सांगायचं आहे, कारण इथे आपलेच लोक घोटाळा करतात. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा सोडून द्या. तिच्यातून एकच देव तीन रूपं घेतो असं निघतं, आणि ते मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलं आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होताना पुत्र पाण्यात आहे, आत्मा उतरतो आहे आणि पिता बोलतो आहे. तिघे एकाच वेळी. देव एकच, आणि त्या एका देवत्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन व्यक्ती. ज्या अर्थाने एक म्हणतो त्याच अर्थाने तीन म्हटलं असतं तर विसंगती झाली असती. ‘काय’ विचारलं तर उत्तर एक, ‘कोण’ विचारलं तर उत्तर तीन. हे डोक्यात पूर्ण मावत नाही, मलाही नाही. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही हेही खरं. पण शब्द नंतरचा असला तरी गोष्ट आधीची आहे, आणि ती कुठे दिसते ते सांगतो.

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:४ हा यहुदी माणसाचा रोजचा पाठ: हे इस्राएला ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. पौल लहानपणापासून हे म्हणत आला होता. तोच पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात ८:६ मध्ये लिहितो की आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही आहे. आणि एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही आहे. त्या जुन्या पाठातले ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे दोन्ही शब्द त्याने उचलले, आणि परमेश्वर या जागी ग्रीक बायबलमध्ये येणारा ‘प्रभू’ हा शब्द येशूला दिला. दुसरा देव त्याने जोडलेला नाही; एकाच देवाच्या त्या वाक्यात येशूला बसवलं. हे पत्र साधारण इसवी सन ५५ चं आहे. निकिया तिथून २७० वर्षं लांब.

याच पत्राचा १५वा अध्याय सगळ्याचा पाया. बायबल खरं आहे कारण बायबल तसं म्हणतं, असं कधी बोलू नका. ते वर्तुळ आहे आणि समोरच्याला लगेच दिसतं. मी येशूपासून सुरुवात करतो. पौल सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून अधिक बांधवांना, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. हयात आहेत, म्हणजे जा आणि विचारा. आणि लगेच पुढे लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ. आपला विश्वास कुठे मोडू शकतो ती जागा त्याने स्वतःच दाखवून ठेवली आहे. इतिहासाच्या आधाराने पुनरुत्थान गणितासारखं सिद्ध होत नाही. पण ज्यांनी ते पाहिलं असं सांगितलं त्यांच्या बोलण्याला आणि आयुष्यांना दुसरं पटणारं कारण मला अजून सापडलेलं नाही. येशू उठला असेल तर त्याने जुन्या कराराला जो मान दिला तो मीही देतो, आणि त्याने नेमलेल्या प्रेषितांचं ऐकतो. माझा शास्त्रावरचा विश्वास या वाटेने आला.

देव चांगला असेल तर दुःख का, हेही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. विचारणारा स्वतः दुःखात असेल तर युक्तिवाद करू नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागल्यावर चुकले, आणि शेवटी देवाने रागावून सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत.

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात ३:१५ मध्ये सांगतो की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. मित्राच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा आणि खरंच बघून सांगा. या आठवड्यात मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढा. दीड-दोन तास पुरतात. जमलं तर त्या मित्रालाही सोबत घ्या. १६व्या अध्यायात ८व्या वचनाच्या पुढे कंस किंवा तळटीप दिसली की थांबा, आणि ती का आहे ते त्याने विचारायच्या आधी तुम्हीच त्याला सांगा.