मारिया कॅलासचा आवाज गोड नव्हता, मग समीक्षकांनी तिला एवढं डोक्यावर का घेतलं?

तुम्ही लिहिलंय की ऑपेराची, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकाची गायिका मारिया कॅलास हिची रेकॉर्डिंगं ऐकली, वरचे सूर थरथरतात, मधेच आवाज किरटा होतो, आणि तरी लोक तिला शतकातली गायिका म्हणतात. कान तुमचे बरोबर आहेत. तिच्या काळातल्या समीक्षकांनीही हेच लिहिलं होतं. ज्यांना मखमली आवाज हवा होता ते तेव्हाच्याच दुसऱ्या ऑपेरा गायिकेकडे, रेनाटा तेबाल्दीकडे गेले, आणि दोघींच्या चाहत्यांत चांगलीच जुंपायची.

मी गडचिरोलीतल्या वडशाच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. इटलीतलं नाट्यगृह पाहिलेलं नाही. कॅलास ऐकली ती प्रयोग आटोपून पहाटे परतताना, गाडीत.

ती नुसतीच तयारीची गायिका असती तरी नाव झालंच असतं. 1949 मध्ये व्हेनिसला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डे गात असतानाच एक गायिका आजारी पडली, म्हणून काही दिवसांत तिनं बेल्लिनी या संगीतकाराच्या ऑपेरातली एल्विराही उभी केली. एक भूमिका भारदस्त, ताकदीची, दुसरी नाजूक तानांची. आमच्या धंद्यात असा गळा मिळाला तर मालक अख्ख्या सीझनचे पैसे आगाऊ देईल!

पण वाद आवाजाचा नव्हताच, भूमिकेचा होता. 1955 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात दिग्दर्शक विस्कोंतीनं बसवलेल्या ‘ला त्राविआता’ या ऑपेरात तिनं गाता गाता पायातले जोडे भिरकावले आणि शेवटच्या प्रवेशात नायिका म्हणून हॅट-कोट अंगावर असतानाच मेली. काहींना हा त्या ऑपेराचा संगीतकार व्हेर्दी याचा अपमान वाटला. खुद्द व्हेर्दीचं म्हणणं काय होतं? 1848 मध्ये नेपल्सला त्याचंच ‘मॅकबेथ’ व्हायचं होतं, तेव्हा लेडी मॅकबेथसाठी ताडोलिनी ही गायिका नको, असं त्यानं पत्रात लिहिलं. कारण काय, तर ती फार सुंदर दिसते आणि फार सुंदर गाते! त्याला आवाज हवा होता खरखरीत, घुसमटलेला, काळोखा.

हे वाचलं तेव्हा मला आमचा एक प्रयोग आठवला. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं गाव, धानकापणी झालेली, रात्रीचे तीन वाजून गेलेले. नायिकेचा सलग तिसरा प्रयोग, घसा बसलेला. काळी पाचची पट्टी सोडून मी खालची काळी चार धरली, तरी पंचमाच्या वर आवाज फुटायला लागला. शेवटच्या पदात तिनं सूर सोडूनच दिला आणि ओळ नुसती बोलली. ऑर्गनवरची माझी बोटं जागीच थांबली. एरवी ‘वन्समोअर’नं मंडप डोक्यावर घेणारी माणसं चिडीचूप. पुढं चादर पांघरून बसलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, “पुरे कर व माय, नोको गाऊ आता.” दोन दिवसांनी पेपरात आलं, नायिकेचा आवाज बसल्यानं रसभंग झाला. बातमीदार खोटं बोलला नाही. आवाज बसलाच होता. पण म्हातारीच्या तोंडून निघालं ते त्याच्या वहीत कुठं लिहायचं?

कॅलासला सगळंच माफ करावं असं मात्र मी म्हणत नाही. 1960 च्या दशकात तिचा गळा खरंच ढासळला होता. 1965 मध्ये लंडनला ‘तोस्का’ हा ऑपेरा करून तिनं ऑपेराचा रंगमंच सोडला, तेव्हा वय फक्त 41. ते सूर ऐकताना मलाही त्रास होतो.

तुम्ही कॅलासचा 7 डिसेंबर 1952 चा ला स्कालातला ‘मॅकबेथ’ ऐका. त्यात लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश आहे. त्याच्या शेवटी फार वरचा एक सूर आहे आणि व्हेर्दीनं तिथं ‘आवाजाचा धागा’, म्हणजे अगदी बारीक आवाज, एवढंच लिहून ठेवलंय. हेडफोन लावूनच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर तो धागा हाती लागत नाही.