पुण्यातल्या छोट्या ऑनलाइन दुकानासाठी मॅनेज्ड होस्टिंग घ्यावं की साधा क्लाउड सर्व्हर?

मॅनेज्ड होस्टिंग (सर्व्हरची देखभालही कंपनीच करते) घ्या, कारण तुम्हीच लिहिलंय की दुकानात तिघेच आहात आणि सर्व्हरचं काम कुणालाच येत नाही. साध्या क्लाउड सर्व्हरमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरमध्ये, कंपनी फक्त यंत्र, वीज आणि नेटवर्क सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा पॅच (दुरुस्त्या), फायरवॉल (नको ते येणंजाणं अडवणारी भिंत), डेटाबेसचा बॅकअप हे सगळं तुमच्या गळ्यात. मी सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो. ऐन दिवाळीत साइट बसते, तेव्हा कारण बरेचदा क्षुल्लक निघतं: लॉग फाइली (सर्व्हर आपोआप करत असलेल्या नोंदी) कुणी साफ केलेल्या नसतात आणि डिस्क भरलेली असते. मॅनेज्डमध्ये यावर लक्ष ठेवायला माणसं असतात, जादा पैसे त्याचेच.

मात्र 'मॅनेज्ड' म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून लेखी घ्या:

- बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवतात का, आणि तो परत चढवून दाखवतील का? याशिवाय सही करूच नका.
- रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?
- ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याची वेळ) म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्यापुढे भरपाई काय?

आणि सर्व्हर पुण्यातच हवा असा हट्ट असेल, तर तो सोडा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युरचं 'सेंट्रल इंडिया' रिजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. एवढ्या अंतरानं गिऱ्हाइकाला काही फरक जाणवत नाही.