'मंजूर' नेमकं काय झालं? मान्यता, विनियोजन आणि दोन 'संरक्षणं'

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजावर लेख लिहीत आहेत. नमुन्यादाखल त्यांनी १२ डिसेंबर २०१४ हा दिवस निवडला आहे. त्या शुक्रवारी सेनेटने ८९ विरुद्ध ११ मतांनी संरक्षण विधेयक संमत केलं, आणि त्याच विधेयकात नॅशनल पार्क, सार्वजनिक जमिनी, खाणी यांच्याबद्दलची कलमंही होती. त्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य असं: 'सेनेटने ५८५ अब्ज डॉलरचं संरक्षण बजेट मंजूर केलं आणि उद्यानांना अडीच लाख एकर जमीन दिली.' त्या विचारतात, इंग्रजी मजकुरात 'ऑथरायझेशन' आणि 'अप्रोप्रिएशन' हे दोन शब्द सतत वेगवेगळे येतात. मराठीत दोन्हींना 'मंजुरी' म्हटलं तर चालेल का? आणि 'पार्क'ला 'उद्यान' म्हणावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. त्या एका आठवड्यातच त्याचं कारण सापडतं.

सेनेटने शुक्रवारी जे विधेयक संमत केलं त्यातून एक डॉलरही खजिन्याबाहेर पडणार नव्हता. सैन्यात किती माणसं असावीत, कोणती विमानं-जहाजं घ्यावीत, कोणत्या कामावर कमाल किती रक्कम खर्च करता येईल, हे त्या विधेयकाने ठरवलं; हे परवानगीचं, म्हणजे 'ऑथरायझेशन'चं विधेयक. प्रत्यक्ष पैसा दुसऱ्याच, 'अप्रोप्रिएशन'च्या विधेयकात होता. सगळ्या खात्यांचा मिळून सुमारे १.१ लाख कोटी डॉलरचा खर्च त्यात एकत्र बांधला होता आणि संरक्षण खात्याचा पैसा हा त्याचाच एक भाग होता. ते सेनेटने दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री संमत केलं. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी पैशाच्या विधेयकावर १६ डिसेंबरला स्वाक्षरी केली, तर परवानगीच्या विधेयकावर १९ डिसेंबरला. म्हणजे पैशाचा कायदा परवानगीच्या कायद्याआधी तीन दिवस झाला. दोन्हींना 'संरक्षण बजेट मंजूर' म्हटलं, तर एकच बजेट एका आठवड्यात दोनदा मंजूर झाल्याची बातमी होते, आणि वाचकाला त्यातलं काहीच कळत नाही.

अशी गल्लत मराठीत सहज होते, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे संसदेत किंवा विधिमंडळात खर्चासाठी असा वेगळा वार्षिक परवानगी-कायदा होत नाही. अर्थसंकल्प मांडला जातो, खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा आणि मतदान होतं, मग विनियोजन विधेयक येतं. मध्येच गरज पडली तर पुरवणी मागण्या, निवडणुका तोंडावर असल्या तर लेखानुदान. हे सगळे शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळलेले आहेत आणि नेमके आहेत. अमेरिकेत मात्र एका खर्चाला दोन वेगळ्या समित्या, दोन वेगळी विधेयकं आणि दोन वेगळी मतदानं लागतात. सशस्त्र सेवा समिती परवानगीचं विधेयक तयार करते, विनियोजन समिती पैशाचं. आधी परवानगी, मग पैसा हा क्रम सभागृहांच्या नियमांतून आलेला आहे; त्या वर्षी स्वाक्षऱ्या मात्र उलट क्रमाने झाल्या. संरक्षणाचं वार्षिक परवानगी-विधेयक १९६१ पासून दरवर्षी संमत होत आलं आहे.

'अप्रोप्रिएशन'साठी शब्द शोधायची गरजच नाही. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात तो आहेच: विनियोजन. अनुच्छेद ११४ सांगतो की कायद्याने विनियोजन केल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येणार नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात जवळजवळ हेच बंधन आहे. शिवाय सैन्यासाठीचं विनियोजन दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं असू नये, असंही तिथे आहे. दोन्हीकडे कल्पना एकच असल्यामुळे शब्द चपखल बसतो. काहींना 'विनियोजन' जड वाटतो, पण मला तो फार आवडतो. संध्या ऐकलेल्यांना 'प्राणायामे विनियोगः' आठवेल. मंत्र कोणता, ऋषी कोण, छंद कोणता हे सांगून झालं की हा मंत्र कोणत्या कामासाठी, ते विनियोगाने ठरतं. पैशाचंही तसंच. अमुक रक्कम अमुक कामासाठीच बांधली, ती दुसरीकडे वळवायची नाही, हा 'विनियोजन'चा गाभा आहे. 'तरतूद' हा बोलीतला सोपा शब्द आहे आणि बातमीत तो चालेल, पण विधेयकाचं नाव देताना 'विनियोजन' सोडू नये.

अडचण आहे ती 'ऑथरायझेशन'ची. हिंदीच्या वाटेने 'प्राधिकरण' हा शब्द मराठीत येऊ पाहतो आणि 'राष्ट्रीय संरक्षण प्राधिकरण विधेयक' असं नाव तयार होतं. मराठीत हे साफ चुकीचं ठरेल. आपल्याकडे प्राधिकरण म्हणजे संस्था: जीवन प्राधिकरण, विकास प्राधिकरण. पिंपरी-चिंचवडकडच्या माणसाला विचारा, तो निगडीकडे बोट दाखवून 'आम्ही प्राधिकरणात राहतो' असं सांगेल. 'संरक्षण प्राधिकरण विधेयक संमत' हे वाचून अमेरिकेने संरक्षणासाठी नवं महामंडळ काढलं असंच कोणीही समजेल. 'प्राधिकार' त्यापेक्षा बरा, पण त्यात अधिकार देण्याचा अर्थ पुढे येतो आणि खर्चाचा मागे पडतो.

खरं तर आपल्या रोजच्या व्यवहारात नेमका शब्द पडलेला आहे. जिल्हा परिषदेशी, बांधकाम खात्याशी ज्यांचा संबंध येतो त्या सरपंचाला, ठेकेदाराला, अभियंत्याला तो तोंडपाठ असतो: प्रशासकीय मान्यता. गावाकडच्या रस्त्याच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, आणि निधी त्यानंतर केव्हातरी. 'रस्त्याला मान्यता आहे हो, निधी नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात ऐकू येईल, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शासन निर्णयांची भाषाही हा भेद कसोशीने पाळते. एका निर्णयात '... या कामास प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे' असं असतं, दुसऱ्यात '... इतका निधी वितरित करण्यात येत आहे' असं. पहिला निर्णय हातात पडला म्हणून कोणी खडी मागवत नाही.

आपली प्रशासकीय मान्यता शासन देतं आणि अमेरिकेतली परवानगी विधिमंडळ देतं, हा फरक आहे, आणि लेखात तो एका वाक्यात सांगावा. पण काम मान्य होणं आणि कामाला पैसा मिळणं या दोन पायऱ्यांतलं अंतर मराठी माणसाला 'मान्यता' या शब्दातून चटकन कळतं. म्हणून माझी सूचना अशी: परवानगीच्या विधेयकाला 'संरक्षण खर्च-मान्यता विधेयक' म्हणा आणि पैशाच्या विधेयकाला 'विनियोजन विधेयक'. त्या कायद्यात पुन्हापुन्हा येणारं वाक्य मग मराठीत सरळ उतरतं: '... इतकी रक्कम विनियोजित करण्यास याद्वारे मान्यता देण्यात येत आहे.' दोन्ही पायऱ्या एका वाक्यात येतात आणि कोणती आधी, कोणती नंतर हेही दिसतं.

मग 'मंजूर'चं काय? हा अरबी-फारसीतून आलेला, आपल्या 'नजर'चाच भाऊबंद. नजरेखालून गेलं, पसंत पडलं, ते मंजूर. रजा मंजूर, कर्ज मंजूर, अर्ज मंजूर, ठराव मंजूर. इतका मोकळा शब्द आहे की विधेयक, खर्च आणि निधी तिन्ही त्यात मावतात, आणि इथे नेमकी तीच अडचण आहे. विधेयक 'संमत' होऊ द्या, खर्चाला 'मान्यता' मिळू द्या, पैशाचं 'विनियोजन' होऊ द्या. 'मंजूर' या एका लेखापुरता बाजूला ठेवा.

आता 'उद्यानांना अडीच लाख एकर जमीन दिली' या भागाकडे येऊ. यात 'दिली' हे क्रियापद चुकलं आहे. ते अडीच लाख एकर आधीपासून संघराज्य सरकारच्याच मालकीचे होते. विधेयकाने त्यांचा दर्जा बदलला: १९६४ च्या कायद्याखालचं 'विल्डरनेस' म्हणून ते घोषित केले. रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, बांधकाम नाही. आपण अभयारण्य 'घोषित' करतो, 'देत' नाही. तेच क्रियापद इथेही घ्या. 'विल्डरनेस'ला 'राखीव रान' म्हणायचा मोह मलाही होतो, पण 'राखीव वन' ही आपल्या वन कायद्यातली वेगळी वर्गवारी आहे. पहिल्यांदा 'विल्डरनेस' लिहून त्याचा अर्थ सांगावा हे उत्तम.

'पार्क'चंही तसंच. ताडोबा किंवा बोरिवली डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाला 'राष्ट्रीय उद्यान' म्हणजे जंगल, हे कळतं. पण या विधेयकातल्या कलम ३०३९ ने ज्या 'पार्क'ला मान्यता दिली ते मॅनहॅटन प्रोजेक्टचं होतं: लॉस अलामोस, ओक रिज आणि हॅनफर्ड, जिथे अणुबॉम्ब तयार झाला ती ठिकाणं. त्यांना 'उद्यान' म्हणवत नाही. गुलामगिरीतून सुटून पुढे कितीतरी माणसांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या नावाची दोन पार्क याच विधेयकात होती; तिथेही घरं, चर्च, वाटा यांचं जतन आहे. यांना 'राष्ट्रीय ऐतिहासिक पार्क' म्हणा. शिवाजी पार्कमुळे 'पार्क' मराठीला परका राहिलेला नाही. जंगल-दऱ्या असतील तिथे खुशाल 'राष्ट्रीय उद्यान' लिहा.

इथेही 'मान्यता' हा शब्द पुन्हा उपयोगी पडतो. मॅनहॅटन प्रोजेक्ट पार्क २०१४ च्या कायद्याने लगेच अस्तित्वात आलं नाही. ऊर्जा आणि अंतर्गत या दोन खात्यांच्या मंत्र्यांनी करारावर सह्या केल्या तेव्हा, म्हणजे १० नोव्हेंबर २०१५ ला ते झालं. न्यूयॉर्क राज्यातलं टबमन पार्क तर जानेवारी २०१७ मध्ये. त्यामुळे 'पार्क स्थापन केलं' असं न लिहिता 'स्थापण्यास मान्यता दिली' असं लिहा. या कलमांना कडाडून विरोध करणारे सेनेटर टॉम कोबर्न यांचा मुद्दाही हाच होता: आहेत त्या पार्कांची रखडलेली दुरुस्ती त्या वेळी सुमारे साडेअकरा अब्ज डॉलरची होती, आणि नव्यांना मान्यता देताना त्यांच्यासाठी पैसा मात्र या विधेयकात नव्हता.

एका कलमात मात्र खरोखरच जमीन 'दिली' आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कलम ३००३ ने अॅरिझोनातली ओक फ्लॅट परिसरातली सुमारे २,४०० एकर सरकारी जमीन अदलाबदलीत रेझोल्यूशन कॉपर या तांब्याच्या खाण कंपनीला द्यायचं ठरवलं. ही जागा अपाची या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना पवित्र आहे, आणि तिच्या काही भागात १९५५ पासून खाणकामाला बंदी होती. इथे 'मान्यता' म्हणू नका. कायद्याची भाषा बंधनकारक होती: पर्यावरण अहवाल प्रसिद्ध झाला की ठरावीक दिवसांत जमीन हस्तांतरित करायची. 'अदलाबदल करण्याचे बंधन घातले' हेच नेमकं मराठी. मान्यता आणि बंधन यांत गल्लत झाली तर ज्यांची जागा जाणार त्यांची बाजू वाचकापर्यंत पोचणारच नाही.

तुम्ही विचारली नाही अशी एक अडचण पुढे येईलच, ती 'संरक्षण' या शब्दाची. हिंदीत सैन्याचं खातं ते 'रक्षा' आणि निसर्गाचं ते 'संरक्षण', म्हणून तिथे घोटाळा होत नाही. मराठीत संरक्षण मंत्रालयही 'संरक्षण' आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमही 'संरक्षण'. 'संरक्षण विधेयकात अडीच लाख एकर जमिनीला संरक्षण' असा मथळा झाला, तर जमिनीभोवती पलटण उभी राहिल्यासारखं वाटतं. पण मराठीकडे या अर्थाचे शब्द भरपूर आहेत: १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाच्या मूळ नावातलं 'संवर्धन', मृद व जलसंधारण खात्यातलं 'संधारण', वास्तू-वाटांसाठी 'जतन'. या लेखात 'संरक्षण' फक्त सैन्यासाठी ठेवा आणि जमिनींसाठी 'संवर्धन' किंवा 'जतन' वापरा.

जमिनीची कलमं संरक्षण विधेयकात आली कशी, हे सांगताना 'जोडली', 'समाविष्ट केली' की 'घुसडली'? तिन्ही मराठी आहेत, पण 'घुसडली' हा विरोधकांचा शब्द आहे. तो त्यांच्याच तोंडी द्यावा. हे विधेयक मुळात स्वयंसेवक अग्निशामकांबद्दलचं होतं. जुना मजकूर काढून त्याच क्रमांकाखाली दोन्ही सभागृहांतल्या समित्यांनी आधीच ठरवलेला तडजोडीचा मजकूर ठेवला गेला. म्हणून 'समाविष्ट केली' हे वस्तुस्थितीला धरून आहे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'प्रतिनिधिगृहापाठोपाठ सेनेटनेही संरक्षण खर्च-मान्यता विधेयक ८९ विरुद्ध ११ मतांनी संमत केले. सुमारे ५८५ अब्ज डॉलरच्या खर्चाला मान्यता देणाऱ्या या विधेयकात सार्वजनिक जमिनींविषयीची कलमेही समाविष्ट असून, त्यांनुसार सुमारे अडीच लाख एकर सरकारी जमीन विल्डरनेस म्हणून घोषित होईल, काही नवी राष्ट्रीय पार्क स्थापण्यास मान्यता मिळेल आणि अॅरिझोनातील ओक फ्लॅटची जमीन खाण कंपनीला अदलाबदलीत देणे सरकारवर बंधनकारक होईल. प्रत्यक्ष निधीसाठीचे विनियोजन विधेयक स्वतंत्र आहे.' शेवटचं वाक्य जागेअभावी कापायची वेळ आली, तर त्याऐवजी ५८५ अब्जांचा आकडा कापा.